डबीवरचा ससा काय सांगत नाही

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात हल्ली सशांची गर्दी असते. फेसवॉशच्या ट्यूबवर ससा, काजळाच्या कांडीवर ससा, शाम्पूच्या बाटलीवर उडी मारणारा ससा आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’. वस्तू बनलेली असते हिमाचलातल्या बद्दीत आणि विकली जाते नाशिकच्या मेन रोडवर. भारतात बनवून भारतातच विकायच्या वस्तूवर ही ओळ मिरवणं म्हणजे दुधाच्या पिशवीवर ‘यात युरिया नाही’ असं अभिमानाने छापणं. नसायलाच हवा की! कायदाच तसा आहे.

हा कायदा फार जणांना ठाऊक नसतो, म्हणून थोडं तपशिलात सांगते. २०१३ साली भारतीय मानक ब्युरोच्या संबंधित समितीने सौंदर्यप्रसाधनांच्या सुरक्षिततेच्या मानकातून प्राण्यांवरच्या चाचण्या काढून टाकल्या. पुढच्या वर्षी, मे २०१४ मध्ये, औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत १४८-सी हा नियम आला. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी कोणीही कुठलाही प्राणी वापरायचा नाही, एवढंच तो सांगतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आयातीचंही दार लावलं गेलं. १२ नोव्हेंबर २०१४ नंतर प्राण्यांवर तपासलेलं प्रसाधन देशात आणता येत नाही. २०२० मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली झाली, तेव्हा ही दोन्ही बंधनं तिच्यात तशीच उतरली. दक्षिण आशियात असं करणारा भारत पहिला देश. मनेका गांधींपासून अनेक प्राणिहक्क कार्यकर्त्यांनी त्यासाठी सरकारचा पिच्छा पुरवला होता.

म्हणजे २०१४ पासून इथल्या ग्राहकाला जी गोष्ट कायद्याने आपोआप मिळते, तीच त्याला ‘संवेदनशील निवड’ म्हणून परत विकली जातेय, तीही दोन पैसे जास्त लावून. माझा आक्षेप सशाला नाही, या व्यवहाराला आहे. ससा पाहून वस्तू उचलली की आपलं कर्तव्य झालं असं वाटतं आणि विचारायचे ते प्रश्न तसेच राहतात. ही कंपनी बाहेरच्या देशांत काय करते? तिचा कच्चा माल कुठून येतो आणि तो कोणी, कशावर तपासला? दर सहा महिन्यांनी आपल्याला नवं काहीतरी लागतं, त्याची किंमत कोण मोजतं?

प्राण्यांवर चाचण्या करणारे सगळे दुष्ट होते असं समजणं सोपं आहे, पण ते खरं नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लॅश ल्युअर नावाचा पापण्या रंगवायचा रंग विकला जात होता. त्यात पॅरा-फिनिलीनडायअमीन हे रसायन होतं. त्याने बायकांचे डोळे सुजले, काहींची दृष्टी गेली, एकीचा तर जीव गेला. तेव्हाच्या कायद्यात प्रसाधनांवर कसलंच नियंत्रण नव्हतं, त्यामुळे सरकारला हातावर हात ठेवून बसावं लागलं. ही आणि अशीच इतर प्रकरणं गाजली, त्यानंतर १९३८ चा कायदा आला आणि प्रसाधनं पहिल्यांदा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कक्षेत आली. मग प्रश्न उभा राहिला की वस्तू माणसाच्या डोळ्यात जाण्याआधी तपासायची कशी?

१९४४ मध्ये त्याच प्रशासनातले विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांनी उत्तर दिलं, आणि पुढची चार-पाच दशकं ते उत्तर जगभर चाललं. पांढरा ससा घ्यायचा, त्याची खालची पापणी हलकेच ओढून खोबणीत ०.१ मिलिलिटर पदार्थ टाकायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. पायांनी डोळा चोळता येऊ नये म्हणून सशाला मानेपासून अडकवून ठेवायचं. मग एका तासाने, एका दिवसाने, दोन दिवसांनी, तीन दिवसांनी पाहायचं, आणि लागलंच तर तीन आठवडेसुद्धा. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, किती गढुळला, डोळा किती लाल झाला, किती सुजला, याला गुण द्यायचे. जास्तीत जास्त ११०.

ससाच का? तो स्वस्त, शांत, हाताळायला सोपा आणि डोळा मोठा. शास्त्राच्या दृष्टीने मात्र तो फारसा योग्य नव्हता. सशाच्या डोळ्यातून आपल्याइतकं पाणी येत नाही, त्याचा कॉर्निया आपल्यापेक्षा पातळ असतो, शिवाय त्याला एक तिसरी पापणी असते. भरीस भर म्हणजे गुण देणारा माणूस बदलला की निकालही बदलायचा. १९७१ साली अमेरिकेत तेच पदार्थ अनेक प्रयोगशाळांना पाठवून पाहिले गेले, तर एका प्रयोगशाळेत जो निरुपद्रवी ठरला तोच दुसरीत तीव्र दाहक ठरला. म्हणजे इतका छळ करूनही हाती येणारं उत्तर डळमळीतच. ड्रेझ चाचणीविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला हाच वाटतो. तो करुणेइतकाच अचूकतेचा मुद्दा आहे.

आता आपल्याकडची एक आवडती पळवाट. ‘आम्ही नैसर्गिक वापरतो, आम्हाला चाचण्यांशी देणंघेणं नाही.’ टिकलीच्या मागच्या चिकट द्रव्यातल्या रसायनाने बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग कपाळावर उमटतो, हे इथल्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारून पाहा. लॅश ल्युअरमधलं तेच रसायन आज लग्नसराईत झटपट काळा रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त सापडतं आणि हातावर फोड येतात. शिसं असलेलं काजळ आणि शेंदूर ही तर जुनी कहाणी. त्यामुळे वस्तू सुरक्षित आहे का, हे कोणीतरी तपासायलाच हवं. चाचणीच नको म्हणणाऱ्या माणसाला सशाच्या जागी गिऱ्हाईक चालतं, एवढाच त्याचा अर्थ.

तपासायचं, पण सशाशिवाय, ही मागणी १९८० मध्ये एका माणसाने इतक्या हुशारीने केली की तिचा अभ्यास व्हायला हवा. हेन्री स्पायरा हे न्यूयॉर्कमधले शिक्षक आणि कामगार चळवळीत मुरलेले कार्यकर्ते. त्यांनी सगळ्या उद्योगावर एकदम हल्ला केला नाही. रेव्हलॉन ही एकच कंपनी निवडली. १५ एप्रिल १९८० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात आली. सौंदर्यासाठी रेव्हलॉन किती सशांना आंधळं करते, असा थेट सवाल तिच्यात होता. पण त्यांची मागणी ‘उद्यापासून बंद करा’ ही नव्हती. पर्याय शोधायला पैसे द्या, एवढंच ते म्हणत होते. नाही म्हणणं कंपनीला अवघड जाईल अशीच ती मागणी होती. वर्ष संपायच्या आत रेव्हलॉनने रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर जाहीर केले. लगेच पुढच्या वर्षी प्रसाधन उद्योगाच्या पैशातून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचं केंद्र उभं राहिलं. स्पायरांच्या मागे ग्राहक होते, पण ते दुकानात एकेकट्याने डबी बदलून गप्प बसलेले नव्हते. सगळ्यांनी मिळून एकाच दारावर एकच मागणी ठोठावली होती.

त्या पैशातून आणि त्यानंतरच्या कामातून जे निघालं ते आज प्रयोगशाळेत रोज वापरलं जातं. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या मानवी त्वचेतल्या पेशी वाढवून नखाएवढी त्वचा तयार करतात आणि पदार्थ तिच्यावर लावतात. तसाच कॉर्नियाचा थर बनवतात. अ‍ॅलर्जी होईल का, हे पाहायला पदार्थ प्रथिनांच्या तुकड्यांशी कसा चिकटतो ते परीक्षानळीतच मोजतात. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने या पद्धतींना अधिकृत मार्गदर्शिकांत जागा दिली आहे, त्यामुळे एका देशातला निकाल दुसऱ्या देशात चालतो. माणसाच्या पेशी माणसाबद्दल सशापेक्षा जास्त सांगणार, हे उघडच आहे.

इथे शाकाहारी वाचकांसाठी एक अप्रिय माहिती. या ‘प्राण्यांविना’ पद्धतींपैकी काहींत कत्तलखान्यातून आणलेले गाईगुरांचे डोळे लागतात, काहींत कोंबडीचे. पेशी वाढवायच्या द्रवात पुष्कळदा गाईच्या गर्भाच्या रक्तातला द्रव असतो. प्रयोगासाठी म्हणून कुठलाही प्राणी मारला जात नाही, हे खरं, आणि मला तो फरक मोठा वाटतो. पण डबीवरच्या सशाच्या पोटात एवढं सगळं दडलेलं असतं, हे ठाऊक असलेलं बरं.

याच ओघात दुसरा एक घोळ. चाचणी आणि घटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी लिपस्टिक कुठल्याही प्राण्यावर तपासलेली नसेल, पण तिचा लाल रंग कोचिनील किड्यांना वाळवून काढलेला असू शकतो. घटकांच्या यादीत तो सीआय ७५४७० या क्रमांकामागे लपतो. साबणावर सोडियम टॅलोएट दिसलं तर ती चरबी. उलट एखादी वस्तू शंभर टक्के वनस्पतिजन्य असूनही तिचा एखादा घटक कधीकाळी उंदरांवर तपासलेला असेल. हा फरक आपल्याकडे सगळ्यात आधी आणि चिकाटीने सांगितला तो पुण्याच्या ब्यूटी विदाउट क्रुएल्टी या संस्थेने. १९७४ पासून ती हे काम करते. खाण्याच्या पाकिटांवरच्या शाकाहारी-मांसाहारीच्या हिरव्या-तपकिरी खुणा आज आपण डोळे मिटून वापरतो, त्यामागेही तिचा पाठपुरावा होता. साबण-शाम्पूवरही असे ठिपके असावेत असा नियम केंद्राने २०१४ मध्ये काढला होता. उद्योगाला तो अर्थातच पसंत पडला नाही. पण ठिपका हिरवा असला तरी तो फक्त घटकाबद्दल बोलतो, चाचणीबद्दल त्याचं तोंड बंदच.

मग ससा तरी बोलतो का? कुठला ससा, त्यावर ते ठरतं. अमेरिकेत अशा दाव्याला कायद्याची व्याख्या नाही, त्यामुळे वाटेल त्याने ससा काढावा. लीपिंग बनी या चिन्हासाठी कंपनीला एक ठरावीक तारीख जाहीर करावी लागते. त्या तारखेनंतर तिने किंवा तिला कच्चा माल देणाऱ्यांनी प्राण्यांवर चाचणी केलेली चालत नाही, आणि बाहेरचे तपासनीस येऊन कागदपत्रं पाहतात. पेटा या प्राणिहक्क संस्थेची यादी मुख्यतः कंपनीच्या लेखी हमीवर चालते. तिसरा ससा कंपनीच्या स्वतःच्या डिझायनरने काढलेला, आणि आपल्या दुकानांत तोच सगळ्यात जास्त दिसतो. घ्यायचाच झाला तर मी पहिला ससा घेईन. तिसऱ्याला कार्टूनपेक्षा जास्त किंमत द्यायचं कारण नाही.

कंपन्यांचं खरं रूप चीनच्या बाजारात दिसलं. कित्येक वर्षं चीनमध्ये आयात प्रसाधन विकायचं तर ते तिथल्या प्रयोगशाळेत प्राण्यांवर तपासूनच घ्यावं लागे. म्हणजे लंडनमध्ये ‘आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही’ म्हणणारी कंपनी शांघायमध्ये माल उतरवताना दुसऱ्याकडून ती करवून घ्यायची आणि वर ‘कायद्याने आवश्यक असेल तिथे वगळता’ अशी तळटीप द्यायची. १ मे २०२१ पासून साध्या आयात प्रसाधनांना अटींसह सूट मिळाली. केसांचे रंग, सनस्क्रीन, गोरेपणाची क्रीम अशा ‘विशेष’ वस्तूंचं गाडं मात्र अडलेलंच राहिलं. त्या तळटिपा अजून शोधाव्यात. जाहिरातीपेक्षा त्या जास्त प्रामाणिक असतात.

पालक कंपनीचा प्रश्न याहून अवघड. चाचणीविरोधाची पताका घेऊन वाढलेली द बॉडी शॉप २००६ मध्ये लॉरिआलने विकत घेतली, तेव्हा निष्ठावंत ग्राहकांना फसवल्यासारखं वाटलं. छोट्या स्वच्छ ब्रँडचा नफा शेवटी चीनमध्ये माल विकणाऱ्या मोठ्या घराच्या तिजोरीत जाणार, मग त्याच्यावर बहिष्कार घालायचा का? मला तो बहिष्कार पटत नाही. मोठ्या कंपनीला विक्रीच्या आकड्यांची भाषा कळते. तिच्याच घरातला प्राण्यांवर न तपासलेला माल जास्त खपला, तर बैठकीत तेच बोललं जाईल. शिवाय याच लॉरिआलने कृत्रिम मानवी त्वचेच्या तंत्रात मोठी गुंतवणूक केली आहे. माणसांसारख्याच कंपन्याही सरळ नसतात.

युरोपकडे आपण आदर्श म्हणून पाहतो. प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं विकायला तिथे ११ मार्च २०१३ पासून पूर्ण बंदी आहे. दीर्घकालीन विषारीपणासारख्या काही गोष्टींना पर्याय अजून तयार नाहीत, हे मान्य करूनही त्यांनी ती बंदी लांबवली नाही. हे धाडसच. पण त्याच युरोपात २००७ पासून रीच नावाचा रसायन कायदा आहे. वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त रसायन बनवणाऱ्याने किंवा आणणाऱ्याने त्याच्या सुरक्षिततेची माहिती द्यायची, अशी त्याची मागणी. होमोसॅलेट हा उन्हापासून वाचवणारा घटक, आपल्याकडच्या सनस्क्रीनवरही हे नाव दिसतं. तो फक्त प्रसाधनांत वापरला जातो. तरीही २०१८ मध्ये युरोपीय रसायन यंत्रणेने सिमराइज या जर्मन कंपनीला त्याच्या नव्या चाचण्या प्राण्यांवर करायला सांगितलं. कंपनी कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हरली. प्रसाधन कायदा ग्राहकाचं रक्षण करतो, रसायन कायदा कारखान्यातल्या कामगाराचं आणि पर्यावरणाचं, त्यामुळे एकातली बंदी दुसऱ्याला लागू होत नाही, असा न्यायालयाचा एकूण युक्तिवाद. त्याच वर्षी प्राणीचाचण्यांवरची बंदी टिकवा म्हणणारं, बारा लाखांहून जास्त युरोपीय नागरिकांच्या सह्यांचं निवेदन युरोपीय आयोगापुढे होतं. त्याला आश्वासनं मिळाली, बदल नाही.

कामगाराचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. दिवसभर पिंपांतून भुकटी ओतणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांत काय जातं, हे गिऱ्हाइकाच्या गालाइतकंच महत्त्वाचं आहे. अभ्रकाची आठवण ठेवा. गालावरची चमक देणारं ते खनिज झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातल्या खाणींतून लहान मुलांच्या हातांनी निघत आलंय, आणि त्या डबीवरही ससा सुखाने उडी मारत असतो. पण कामगाराला वाचवण्याचे रस्ते पुष्कळ आहेत. बंदिस्त यंत्रणा, हवेची मोजणी, कामगारांच्या नियमित तपासण्या, आधीच हाती असलेल्या माहितीची देवाणघेवाण. हे सगळं राहिलं बाजूला आणि पहिली नजर उंदरावर गेली, की तो कामगारप्रेमाचा भाग उरत नाही.

आणि आता आपली नव्याची हौस. ग्लिसरीन, खोबरेल, पेट्रोलियम जेली, झिंक ऑक्साइड यांच्याबद्दल जे कळायचं होतं ते बहुतेक कळून चुकलंय. त्यांच्यासाठी नवा ससा लागत नाही. चाचणीचा प्रश्न मुख्यतः उठतो तो नव्या रेणूसाठी, म्हणजे जाहिरातीत पांढरा कोट घातलेला माणूस ज्याचं नाव अडखळत उच्चारतो त्यासाठी. म्हणून कंटाळवाणी, जुन्या घटकांची, यादी छोटी असलेली वस्तू घ्या, असा माझा सल्ला आहे. त्यावर कोणीही ससा छापत नाही आणि ती इन्स्टाग्रामवर शोभतही नाही. ‘मग संशोधन थांबवायचं का?’ असं कोणी म्हणेल. उन्हापासून संरक्षण, भाजल्यावर लावायचं मलम, यांच्यासाठी जरूर करावं. गुलाबी रंगाच्या एकविसाव्या छटेसाठी मला ते मान्य नाही.

कायद्याच्या चौकटीही विचित्र असतात. कोंड्यासाठी किटोकोनाझोल असलेला शाम्पू आपल्याकडे औषध ठरतो, म्हणजे १४८-सीची सावली त्याच्यावर पडत नाही. फरशी पुसायचं द्रावण तर प्रसाधनही नाही. न्हाणीघरातल्या एकाच फळीवरच्या तीन बाटल्यांना तीन वेगळे नियम.

इथे महाराष्ट्राचा संबंध फार जवळचा आहे. शाम्पूला फेस आणणारी आणि क्रीम घट्ट करणारी रसायनं तारापूर-तळोज्यासारख्या आपल्याच औद्योगिक वसाहतींत बनतात आणि युरोपला जातात. तिकडे जायचं तर रीचची नोंदणी आली, नोंदणीला माहिती लागते, आणि माहिती कमी पडली की चाचणी. ती ‘प्रसाधनाची’ चाचणी मानली जात नाही, त्यामुळे आपल्या २०१४ च्या नियमाला तिच्याशी काही घेणंदेणं नाही. शिवाय रीचच्या धर्तीवरचा आपला स्वतःचा रसायन व्यवस्थापन व सुरक्षा नियमांचा मसुदा केंद्राच्या रसायन विभागात २०२० पासून फिरतोय. प्राण्यांचा कैवार घेणाऱ्या संस्थांनी आणि त्यांना देणग्या देणाऱ्या आपण सगळ्यांनी आता दुकानाच्या रॅकपेक्षा या मसुद्याकडे पाहायला हवं. त्यात दोन वाक्यं हवीत. फक्त प्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या रसायनासाठी नवी प्राणीचाचणी मागता येणार नाही. आणि दुसऱ्या कोणाकडे चाचणीची माहिती आधीच असेल, तर ती वाजवी मोबदला घेऊन वाटून घ्यावीच लागेल. हरकती-सूचनांची वेळ येईल तेव्हा उद्योगसंघटना आपली कागदपत्रं घेऊन पहिल्या दिवशी हजर असतील.